जुन्या बास गिटारचं साल ठरवताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत जुन्या ऑर्केस्ट्राचं सामान विकायला निघालं की त्यात कधीकधी फेंडर या अमेरिकन कंपनीचं नाव असलेला बासही निघतो. विकणारा छातीठोकपणे ‘बासष्टचा (१९६२ चा) आहे’ म्हणतो. एका खुणेवर विसंबून लगेच मान डोलवू नका.

सर्वांत जास्त घोळ नेकच्या टाचेवरच्या, म्हणजे बॉडीत स्क्रूने बसवलेल्या टोकावरच्या तारखेचा. १९६२ पर्यंत ती पेन्सिलीने लिहीत, पुढे शाईचा शिक्का आला. ‘७ मार्च ६६ ए’ असा शिक्का दिसला की लोक सात तारीख वाचतात. तो सात म्हणजे फेंडरच्या जॅझ बास या मॉडेलच्या नेकचा कोड; प्रिसिजन या दुसऱ्या मॉडेलचा पाच. शेवटचं अक्षर नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची रुंदी सांगतं: ए म्हणजे दीड इंच, सी म्हणजे पावणेदोन. हाती लागतं ते महिना आणि साल, तेही नेकचं.

टाच बघायला नेक उघडावा लागतो; आधी चारही तारा सैल करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला तर त्या कीवरून (तारा पिळायच्या खुंट्यांवरून) सुटत नाहीत. स्क्रू हातानेच काढा; ड्रिल मशीनने लाकडातले आटे जातात. नेक बसतो त्या खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा निघाला तर तसाच परत ठेवा. तो टाकून दिला की नेकचा कोन बदलतो आणि तारांची उंची बिघडते.

पॉटच्या (आवाज-टोनच्या नॉबखालच्या इलेक्ट्रिक भागाच्या) पाठीवरचा ‘१३७६६३३’ हा आकडा असा फोडायचा: १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, मग १९६६, मग ३३वा आठवडा. पण फेंडरने १९६६ मध्ये या पॉट्सचा मोठा साठा उचलला होता आणि तो पुढची काही वर्षं वापरला. त्यामुळे ६६ चा पॉट १९६८ च्या बासमध्येही सापडतो. बास त्या आठवड्याच्या आधीचा नाही, एवढंच पॉट सांगतो. सोल्डरिंग ताजं दिसलं तर पॉट बदललेला असू शकतो, मग तेवढंही नाही.

पिकअप आणि ब्रिजच्या मधे स्क्रूची बारीक भोकं दिसली की कुणीतरी उद्योग केलाय असं वाटतं. सुरुवातीच्या जॅझ बासवर प्रत्येक तारेखाली फेल्टचा म्यूट (तारेची गुंज दाबणारा तुकडा) असायचा, त्याची ती भोकं असू शकतात. पुट्टी भरून ती बुजवू नका. एकावर एक बसवलेले नॉब १९६०-६२ चे खरे, पण तसेच नॉब नंतरच्या रीइश्यूवरही (कंपनीने जुन्या धर्तीवर पुन्हा काढलेल्या बासवरही) येतात. सिरियल नंबर ‘जेव्ही’ने सुरू होत असेल तर बास १९८२-८४ चा जपानी. सत्तरच्या दशकातल्या प्रिसिजनच्या नेकला चार स्क्रू दिसले म्हणून बनावट ठरवू नका; तीन स्क्रूंचा नेक जॅझ बासला आला, प्रिसिजनला नाही. १९७६ च्या आधीचा सिरियल नंबर नेकप्लेटवर (नेकच्या स्क्रूंखालच्या धातूच्या पट्टीवर) असतो, आणि प्लेट काय, चार स्क्रू काढले की दुसऱ्या बासवर बसते.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत पॉलिशचा हात उत्तम आहे, म्हणूनच जुना बास नव्याने पॉलिश करून घ्यायचा मोह होतो. पण साठच्या दशकातला मूळ नायट्रो लॅकर (लाकडावरचा चकचकीत थर) घासला की किंमत धाडकन खाली येते आणि रंगाचा पुरावाही जातो. सुक्या मऊ फडक्याने पुसा, बास.