पायथॉनमध्ये पोर्ट स्कॅनर: आधी परवानगी, मग कोड

पोर्ट म्हणजे मशीनवरचं नेटवर्कचं क्रमांकित दार; त्यातली कुठली दारं उघडी आहेत ते तपासणारा प्रोग्राम म्हणजे पोर्ट स्कॅनर. ऐरोली-महापेच्या ऑफिसचं नेटवर्क किंवा घोडबंदरच्या सोसायटीचं वायफाय सरावासाठी नाही. स्वतःच्याच मशीनवर, म्हणजे १२७.०.०.१ वर, सुरुवात करा. दुसऱ्याचं मशीन असेल तर आयपी, तारीख, वेळ लिहिलेली लेखी परवानगी हवी. चहावर मिळालेला तोंडी होकार चालत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कोड सोपा आहे. टीसीपी सॉकेट (नेटवर्क जोडणीचं टोक) उघडा, टाइमआउट म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत १ सेकंद ठेवा, सॉकेटच्या ‘connect_ex’ या फंक्शनला आयपी आणि पोर्ट द्या. उत्तर ० आलं तर पोर्ट उघडा आहे. लिनक्सवर १११ म्हणजे समोरच्याने नकार दिला, पोर्ट बंद. काहीच न येता वेळ संपली तर बहुधा फायरवॉल (नेटवर्कवरची ये-जा अडवणारा पहारेकरी) तुमचं पॅकेट गिळतोय; त्याला ‘बंद’ म्हणू नका, ‘फिल्टर्ड’ असं वेगळं नोंदवा. नवशिक्यांचे अहवाल इथेच फसतात.

फायरवॉलमागचे १०२४ पोर्ट एकामागोमाग तपासले तर सतराएक मिनिटं जातात. म्हणून थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) वापरा, पण ५० ते १०० पुरेत. हजारावर गेलात की ‘टू मेनी ओपन फाइल्स’ हा एरर येतो (उघडा सॉकेटही फाइल म्हणूनच मोजला जातो), आणि घरचा स्वस्त राउटरही लटकतो. प्रत्येक सॉकेट बंद करायला विसरू नका.