मोठी संख्या दिसली की होणाऱ्या त्याच त्या चुका

मालवणात घरीच ट्यूशन घेतो, दरवर्षी पोरं नवी आणि चुका मात्र जुन्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. उदाहरणाला एकच संख्या घेऊ, १०,२२,११७.

माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे २, ३, ५, ७, ११, १३ ने भागून बघायचं, भाग गेला नाही की "मूळ संख्या" म्हणून मोकळं व्हायचं. अरे, वर्गमूळापर्यंत जायला लागतं! संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यातला एक वर्गमूळाच्या पुढे जाऊच शकत नाही, म्हणून तिथपर्यंत बघायचं, पण अलीकडे थांबायचं नाही. गेल्या जुलैत धो धो पाऊस, लाईट गेलेली, आणि एका उतावळ्या पोराला हीच संख्या दिली. मोबाईलच्या टॉर्चवर बसून पठ्ठ्याने हजाराच्या आतल्या १६८ च्या १६८ मूळ संख्यांनी भागून बघितलं, अर्धी वही भरली, आणि म्हणतो, "सर, मूळच आसा." म्हटलं थांबलास कुठे? "९९७ वर. हजारापर्यंत सगळा केलंय." वर्गमूळ येतं १०११ च्या किंचित अलीकडे. एकच राहिली होती, १००९. भाग म्हटलं. भागाकार १०१३, बाकी शून्य. १६८ भागाकार बरोबर आणि उत्तर चूक! खोटं कशाला बोलू, मी मुद्दामच दिली होती.

माझी सवय वेगळी. वर्गमूळाच्या लगेच वरची संख्या घ्यायची, १०११. तिचा वर्ग १०,२२,१२१, त्यातून आपली संख्या वजा केली की उरतात ४, म्हणजे २ चा वर्ग. मग १०११ वजा २ आणि १०११ अधिक २, झाले अवयव. पूर्ण वर्ग नाही उरला तर १०१२, १०१३ असं चार-पाच वेळा बघतो, नाहीतर गप भागायला बसतो, कारण अवयव जवळजवळ असले तरच हे पटकन जमतं. युक्ती फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची, आणि तोच फर्मा ४२९४९६७२९७ ला मूळ संख्या धरून बसला होता, १७३२ मधे ऑयलर या गणितज्ञाने ६४१ ने भागून दाखवली. तेव्हा अंदाजपंचे नको.

११ ची कसोटी: एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा, त्यांची वजाबाकी बघायची, ती शून्य किंवा ११ च्या पटीत आली तरच भाग जातो. इथे ११ आणि ३ येतात, पोरं ११ बघूनच टाळ्या पिटतात. फरक ८ आहे रे!

३६० चे विभाजक २४, ६ नव्हे. ३६० म्हणजे २³ × ३² × ५, घातांक ३, २, १; प्रत्येकात १ मिळवून मग गुणायचं.

एक्सेलमधे १६ अंकी संख्या टाकू नका, १५ च अंक टिकतात, शेवटचा शून्य होतो आणि मग तुम्ही "१० ने भाग जातो" म्हणून नाचता.

आणि हर्षद संख्या. नाव दिलं कापरेकरांनी, आपल्याच किनाऱ्यावर डहाणूला १९०५ साली जन्मलेले, पेशाने शाळामास्तर. अंकांच्या बेरजेने संख्येला भाग गेला पाहिजे, एवढंच. आपल्या संख्येची बेरीज १४ म्हणजे सम, संख्या विषम, भाग जाणारच नाही, पेनाचं टोपणसुद्धा काढायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी अख्खा भागाकार मांडतंच.