नादारीचा अर्ज करण्यापूर्वी: कर्जांची वही आणि धनकोंशी बोलणी

हप्ते थकू लागले की अनेक जण बँकेची पत्रे न फोडताच खणात टाकतात. नादारीच्या, म्हणजे कर्ज फेडणे अशक्य झाल्याचे कायद्याने जाहीर करून घेण्याच्या, अर्जाची तयारी तो खण उघडण्यापासून सुरू होते. सर्व पत्रे तारखेप्रमाणे लावावीत आणि वहीत प्रत्येक कर्जाची स्वतंत्र नोंद करावी: धनकोचे (कर्ज देणाऱ्याचे) नाव व पत्ता, मूळ रक्कम, आजची बाकी, व्याज व दंड, शेवटचा हप्ता भरल्याची तारीख, तारण आणि जामीनदार. मित्राकडून हातउसने घेतलेले पैसेही या वहीत आले पाहिजेत, कारण संकोचापोटी वगळलेले कर्ज पुढे माफ होईलच असे नाही आणि मुद्दाम लपवल्याचे आढळल्यास कर्जमुक्तीच नाकारली जाऊ शकते.

नंतर या कर्जांची वर्गवारी करावी. तारणी कर्जात घरावरचा किंवा गाडीवरचा धनकोचा हक्क नादारीनंतरही सहसा कायम राहतो. खरी सुटका मिळते ती क्रेडिट कार्डासारख्या बिनतारणी कर्जातून. पोटगी, मुलांचा निर्वाहखर्च आणि फौजदारी दंड बहुतेक देशांत माफ होत नाहीत. वहीतला मोठा आकडा याच देण्यांचा असेल, तर नादारीपेक्षा हप्त्यांची मुदत वाढवून घेण्याची तडजोड बरी. ऋणको (कर्ज घेणारा) सुटला तरी जामीनदार सुटत नाही, म्हणून त्याला नोटीस येण्याआधी आपण स्वतः भेटून सांगावे. एवढे त्याचे देणे आपण नक्कीच लागतो.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र चांगल्या मनाने होते. बुडण्याआधी निदान भावाचे पैसे तरी फेडू, असे वाटणे स्वाभाविक आहे; परंतु एका धनकोला झुकते माप देणारी अशी परतफेड रद्द होऊन ती रक्कम त्या भावाकडूनच परत मागितली जाऊ शकते. अमेरिकेत यासाठी सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीचे ९० दिवस आणि नातेवाइकांच्या बाबतीत एक वर्ष तपासले जाते. घर पत्नीच्या नावावर करणे किंवा फेडण्याचा इरादा नसताना कार्डावर खरेदी करणे तर सरळ फसवणुकीत मोडते.

वसुलीसाठी फोन आला तर तो टाळू नये, पण फोनवर रक्कम किंवा तारीख कबूल करू नये. "थकबाकीचा तपशील लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देईन," एवढेच शांतपणे सांगावे आणि बोलणाऱ्याचे नाव, वेळ व त्याचे शब्द लगेच वहीत टिपावेत. धमकी दिली गेल्यास हीच नोंद तक्रारीसाठी उपयोगी पडते. फार जुन्या कर्जावर "शंभर तरी भरा" असा आग्रह झाला तर विशेष जपावे, कारण अनेक देशांत अशा भरण्याने किंवा लेखी कबुलीने न्यायालयात दावा लावण्याची मुदत नव्याने सुरू होते. एकरकमी तडजोड ठरलीच, तर उरलेली रक्कम सोडून दिल्याचे पत्र आधी हाती घ्यावे आणि मगच पैसे द्यावेत.

अर्जाचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे वही घेऊन वकिलाकडे किंवा कर्ज समुपदेशकाकडे जाणे आवश्यक आहे. अमेरिकेत अर्जापूर्वीच्या १८० दिवसांत समुपदेशन घ्यावेच लागते. इंग्लंडमध्ये सामान्यतः १२ महिन्यांनी कर्जमुक्ती मिळते. अर्जानंतर वसुलीला स्थगिती मिळाली की फोन करणाऱ्या प्रत्येक धनकोला प्रकरणाचा क्रमांक आणि ते कुठे दाखल आहे, एवढेच कळवावे.