लिस्बन ते अथेन्स : अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

लिस्बन आणि अथेन्स ही शहरे युरोपच्या दोन टोकांना, परंतु जवळपास एकाच अक्षांशावर असल्यामुळे हवाई प्रवासाचा हिशोब समजून घेण्यास ही जोडी फार सोयीची आहे. सर्वप्रथम कोणते अंतर हवे आहे ते ठरवावे. केवळ रस्त्याने जायचे तर वाट स्पेन, फ्रान्स, इटली आणि बाल्कन देशांतून वळसा घेते व चार हजार किलोमीटरांच्या पुढे जाते; हवाई अंतर मात्र सुमारे २८५० किलोमीटरच भरते.

हे अंतर साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवरही काढता येते. लिस्बनचे अक्षांश ३८.७२ उत्तर व रेखांश ९.१४ पश्चिम, तर अथेन्सचे ३७.९८ उत्तर व २३.७३ पूर्व असे धरावेत. एक शहर ग्रीनिचच्या पश्चिमेस आणि दुसरे पूर्वेस असल्याने रेखांशांची वजाबाकी न करता बेरीज करावी, ती ३२.८७ अंश येते. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, त्यात दोन्ही अक्षांशांचे कोसाइन व या ३२.८७ अंशांचा कोसाइन यांचा गुणाकार मिळवावा आणि आलेल्या बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरील cos⁻¹) अंशांत काढावा. उत्तर सुमारे २५.६५ अंश येते, आणि पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर असल्याने त्याने गुणले की अंतर मिळते. हा सर्वांत जवळचा मार्ग किंचित उत्तरेकडे झुकून बालेआरिक बेटे आणि सार्डिनिया यांच्या बाजूने जातो. अक्षांशाची रेषा धरून गेल्यास पंधराएक किलोमीटरच वाढतात, म्हणजे इथे हा फरक नगण्य. लांबच्या प्रवासात तो मोठा होतो.

वेळ काढताना केवळ वेगाने भागून चालत नाही. एअरबस ए३२० सारखे विमान उंचीवर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते, त्या हिशोबाने साडेतीन तासांच्या आतबाहेर वेळ येतो. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण आणि गेटपर्यंत पोहोचणे यांसाठी अर्धा तास मिळवावा. तिकिटावर छापलेला वेळ हा गेटपासून गेटपर्यंतचा असतो, म्हणून तो साधारण चार तास दिसतो.

दिशेचाही विचार करावाच लागतो. या अक्षांशांवर उंचावरचे वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी ६० किलोमीटरचा वारा धरला, तर लिस्बनहून निघालेल्या विमानाचा जमिनीवरचा वेग ८९० आणि परतीच्या विमानाचा ७७० होतो, आणि एवढ्यानेच अर्ध्या तासाचा फरक पडतो.

सर्वाधिक घोटाळा घड्याळाचा होतो. देशभर एकच प्रमाणवेळ पाळणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या हे सहज लक्षात येत नाही, पण अथेन्सचे घड्याळ लिस्बनच्या दोन तास पुढे असते. दुपारी एक वाजता निघालेले विमान चार तासांनी अथेन्सला उतरते तेव्हा तेथे सायंकाळचे सात वाजलेले असतात. दोन्ही देश उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करण्याची पद्धत) एकाच क्षणी बदलत असल्याने हा फरक वर्षभर टिकतो.

शेवटी विमानतळ ते शहर हा वेळ धरावा. लिस्बनचा विमानतळ जवळजवळ शहरातच आहे. अथेन्सचा विमानतळ स्पाता येथे, केंद्रापासून तीसएक किलोमीटरवर आहे, मात्र तेथून मेट्रो मिळते. पोर्तुगाल आणि ग्रीस दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपापसांतील सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्यामुळे या उड्डाणात इमिग्रेशनच्या रांगेसाठी एरवी वेगळा वेळ राखावा लागत नाही, तरी पासपोर्ट जवळ ठेवावा.