रिव्ह्यूच्या स्क्रीनिंगसाठी सॉफ्टवेअर निवडताय? या चुका टाळा

मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर कोण पडतो? म्हणून आम्ही तिघांनी कूलरसमोर बसून आमच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचं (एका विषयावरचे सगळे अभ्यास शोधून घेतलेला आढावा) स्क्रीनिंग, म्हणजे सापडलेल्यांतले कुठले अभ्यास घ्यायचे ते ठरवणं, उरकायचं ठरवलं. विषय होता बहुभाषिक वर्गातलं वाचन. पहिल्याच तासाला घोळ झाला. मराठी-हिंदी प्रबंधांची यादी एक्सेलमध्ये हातानं भरली होती. ती साध्या सीएसव्हीत सेव्ह करून रय्यान या स्क्रीनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवली, तर शीर्षकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडलं की देवनागरी शाबूत राहते. एकदा प्रश्नचिन्हं झालेली फाईल मात्र परत सुधरत नाही, तेव्हा मूळ एक्सेल जपा.

खरी चूक त्याच्या आधीचीच. आपल्या नोंदी (यादीतल्या प्रबंध-लेखांची शीर्षकं, सारांश) कशा आहेत हे न बघता आम्ही नाव ऐकून सॉफ्टवेअर घेतलं. कोव्हिडन्स या सॉफ्टवेअरचा वावर मुख्यतः आरोग्याच्या रिव्ह्यूंमध्ये. एपी-रिव्ह्यूअर लंडनच्या यूसीएलमधलं, शिक्षणाच्या रिव्ह्यूंत मुरलेलं. दोन्हींना पैसे मोजावे लागतात. आधी पन्नासेक नोंदी घेऊन चढवणं, दोघांनी वेगवेगळे दिलेले निर्णय आणि एक्सपोर्ट (निर्णयांसकट यादी बाहेर काढणं), सगळं करून बघा. एक्सपोर्ट तर कुणीच तपासत नाही.

एएसरिव्ह्यू हे उट्रेख्त विद्यापीठाचं, फुकट, आपल्याच लॅपटॉपवर चालणारं. तुमच्या निर्णयांवरून शिकून कामाच्या वाटणाऱ्या नोंदी ते वर आणतं. पण शिकतं शीर्षक आणि सारांशावरून. सारांशच नसेल तर चांगला प्रबंधही तळाला जाऊ शकतो. अशा नोंदी वेगळ्या काढून स्वतः वाचा. थांबायचं कधी, हेही सुरू करण्याआधीच प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे रिव्ह्यूच्या लेखी आराखड्यात, लिहा. नाहीतर माणूस कंटाळला की थांबतो (आम्ही थांबलो होतो).

रय्यानमधला ब्लाइंड मोड चालू असला की जोडीदाराचे निर्णय दिसत नाहीत. पण शेजारच्या खुर्चीवरून "याचं काय करू गा?" असं विचारलं, की तो मोड असून नसून सारखाच. वेगवेगळ्या खोल्यांत बसा.

डुप्लिकेट काढताना सॉफ्टवेअरला एकाच अभ्यासाचा प्रबंध आणि त्यावरचा लेख जुळे वाटत नाहीत, कारण शीर्षकं वेगळी असतात. ती जोडी आपणच लावायची. आणि काढण्याआधी किती, काढल्यावर किती, हे लगेच टिपून ठेवा. प्रिझ्मा २०२० (रिव्ह्यू कसा मांडायचा याच्या मार्गदर्शक सूचना) च्या आकृतीत डुप्लिकेटसाठी आणि यंत्रानं वगळलेल्या नोंदींसाठी स्वतंत्र आकडे द्यावे लागतात. आमचा पहिला आकडा शेवटी पाणीवाल्याच्या हिशेबाच्या वहीत सापडला.