टीबीच्या टार्गेटसाठी ग्रँट मागताना

औषधांना दाद न देणारा, म्हणजे प्रतिरोधी टीबी किती भयंकर आहे यावर प्रपोजलची दोन पानं घालवू नका. समितीला ते पाठ असतं. माझं प्रपोजल अडलं ते भलत्याच ठिकाणी, आणि नवे लोक अजून तिथेच ठेचकाळतात.

'जनुक काढलं की जीवाणू मरतो, म्हणून हे टार्गेट.' टार्गेट म्हणजे औषधाने अडवायचं जीवाणूचं प्रथिन. एवढ्यावर थांबलात तर प्रपोजल परत आलंच समजा. जनुक काढलं की त्याचं प्रथिन शून्यावर येतं. औषधाने असं होत नाही, ते प्रथिनाचं काम काही प्रमाणातच अडवतं. काही एन्झाइम दहा टक्के उरलं तरी जीवाणूचं मजेत भागतं. अशा एन्झाइमवर रेणू सापडला तरी रुग्णाच्या फुप्फुसात ते दिवसरात्र जवळपास पूर्ण बंद ठेवायचं कसं? म्हणून क्रिस्परआयने (जनुक न कापता त्याचं काम दाबायचं तंत्र) प्रथिन टप्प्याटप्प्याने कमी करा आणि वाढ नेमकी कुठे थांबते ते दाखवा. हाती डेटा नसेल तर याच प्रयोगाचे पैसे सुरुवातीच्या महिन्यांत मागा. टार्गेट बाद ठरलं तर पुढे काय, तेही लिहा. त्याने प्रपोजल कमकुवत दिसत नाही, उलट रिव्ह्यूअरचा जीव भांड्यात पडतो.

रेणू पेशीत शिरतो का, हा पुढचा प्रश्न. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने 1995 ते 2001 या काळात जीवाणूंविरुद्ध सुमारे 70 मोठे स्क्रीन, म्हणजे ढीगभर रेणूंच्या चाचण्या केल्या, बहुतेक आधी टार्गेट ठरवून. पुढे नेण्याजोगे रेणू मिळाले पाच. टीबीचं औषध बेडाक्विलिन उलट वाटेने आलं. आधी अख्ख्या जीवाणूवर चालणारा रेणू सापडला, मग दाद न देणाऱ्या उत्परिवर्तितांचा जीनोम वाचून एटीपी सिंथेज (पेशीची ऊर्जा बनवणारं एन्झाइम) हे टार्गेट कळलं. डॉकिंगची (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकी अंदाज) रंगीत चित्रं चिकटवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

वेळेचा हिशेब स्मेग्मॅटिसवर, म्हणजे टीबीच्या जीवाणूऐवजी लॅबमध्ये वापरतात त्या त्याच्या भाऊबंदावर बेतू नका. तो तीनेक तासांत दुप्पट होतो, टीबीचा जीवाणू जवळपास दिवस घेतो. प्लेटवर वसाहती दिसायला तीन-चार आठवडे, त्यात बीएसएल-3 (घातक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या) लॅबमध्ये नंबर लागेपर्यंतची वाट वेगळी. त्या लॅबचं संमतीपत्र आधीच जोडा.

बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिग योजनेत 18 महिन्यांसाठी 50 लाखांपर्यंत मिळतात, पुण्यात व्हेंचर सेंटर या स्टार्टअप इन्क्युबेटरमार्फत अर्ज करता येतो. पण तिथे उत्पादनाकडे जाणारी कल्पना लागते. नुसतं टार्गेट तपासायचं असेल तर एएनआरएफ, आयसीएमआर किंवा इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थांकडे बघा. हप्ता यूसीशिवाय (पैसे कसे खर्चले याचा दाखला) सुटत नाही, तेव्हा अकाउंट्सवाल्यांशी पहिल्या दिवसापासून गोडीत राहा. को-पीआय (सहप्रमुख संशोधक) म्हणून मोठं नाव लावायचा सल्ला सगळे देतात. मला तो पटत नाही. ज्यांना तुमचं बजेट वाचायला वेळ नाही, त्यांची सही घेऊन काय करणार? त्यापेक्षा क्रिस्परआय स्वतः केलेली शेजारच्या लॅबमधली पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) गाठा.

नकार आला तर दोन दिवस चिडा, खुशाल. मग रिव्ह्यूअरचे शेरे छापून घ्या आणि त्यातला प्रयोगाबद्दलचा प्रत्येक शेरा पुढच्या प्रपोजलमध्ये कुठे निकालात काढला ते पान क्रमांकासह लिहा.