शीट उघडताना एक्सेल अडकतं? आधी प्रिंटर बघा

"एक्सेल बिघडलंय" म्हणून कोणी आलं की मी विचारतो, डिफॉल्ट प्रिंटर कुठला? समोरचा वैतागतो, कारण त्याला प्रिंट काढायचीच नसते, नुसती शीट बघायची असते. पण एक्सेल २००३, २००७, २०१० पानाची आखणी डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) विचारून करतात. तो प्रिंटर नेटवर्कवरचा असेल आणि बंद असेल, तर एक्सेल उत्तराची वाट बघत ताटकळतं. पेज ब्रेकच्या तुटक रेषा चालू असल्या की हा त्रास आणखी वाढतो.

एका ऑफिसात नव्या पोराने याच दुखण्यावर अख्खं ऑफिस पॅकेज काढून पुन्हा टाकलं. दोनदा. दुपार गेली, फाइल तशीच रखडत उघडत होती. प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर हलवला होता, त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलला होता, आणि पीसीतला पोर्ट (प्रिंटरचा पत्ता नोंदवलेली सेटिंग) जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता. मी एक्सपीएस डॉक्युमेंट रायटर हा विंडोजमधला आभासी प्रिंटर डिफॉल्ट केला, फाइल झटक्यात उघडली. मग पोर्टमध्ये नवा पत्ता घातला. पोरगा म्हणाला, "एवढंच?" हो, एवढंच. पण रीइन्स्टॉलची खाज आधी आवरायला हवी.

माझी सवय अशी: आधी लोकल प्रिंटर डिफॉल्ट करून बघायचं. फरक पडला तर एक्सेलला हातही लावायचा नाही. आणि नेटवर्क प्रिंटरला आयपी कायमचा बांधून द्यायचा.

पडद्यावर आकडे नीट, प्रिंट प्रीव्ह्यूत मात्र ####? फॉर्म्युला तपासत बसू नका. पडद्यावर आणि कागदावर अक्षरांची रुंदी नेमकी सारखी येत नाही, कॉलम थोडा रुंद करा. फॉन्ट बारीक करणारे असतात. तो कागद वाचायचा कोणी?

प्रिंटर बदलल्यावर एका पानाचं पत्रक दोन पानांवर गेलं तर नव्या ड्रायव्हरचा कागद ए४ आहे की लेटर, ते बघा.

विंडोज १० मध्ये डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवण्याची सोय बंदच ठेवा. शेवटी ज्यावर प्रिंट काढली तोच ती डिफॉल्ट करून टाकते.

मॅक्रो (एक्सेलमधला छोटा प्रोग्रॅम) रांगतोय? त्यातली पेजसेटअपची, म्हणजे पानाच्या मांडणीची, प्रत्येक ओळ प्रिंटरशी बोलते. एक्सेल २०१० मध्ये त्या ओळींआधी प्रिंटकम्युनिकेशन ही सेटिंग फॉल्स (बंद) करा, नंतर आठवणीने ट्रू (चालू).